आपल्या एनबीए संघाला नेमके काय हवे आहे? ट्रेडच्या चर्चेत उतरणाऱ्या नव्या चाहत्यांसाठी मार्गदर्शक

५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या एनबीएतील (अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील) संघांचा सामना पाहिला आणि त्या दिवसापासून मी किंग्जचा चाहता झालो. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे हे या संघाचे प्रमुख मालक आहेत, त्यामुळे आपलेपणाची एक जागा आधीच तयार होती. त्या दौऱ्यावर किंग्जकडून बडी हील्ड आला होता आणि पेसर्सकडून डोमांटास सबोनिस. सव्वादोन वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०२२ रोजी, या दोघांनी एकाच ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधील खेळाडूंच्या अदलाबदलीत, संघ बदलले. पण त्या ट्रेडमध्ये हील्डबरोबर टायरीस हॅलिबर्टन हा आमचा सर्वांत गुणी तरुण गार्डही गेला. त्यानंतर कित्येक महिने मी मित्रांशी तावातावाने वाद घालत होतो, आणि त्या काळात ना मला वेतनमर्यादा ठाऊक होती, ना करारांच्या मुदती, ना पेसर्स या ट्रेडला का तयार झाले याची कल्पना होती. ते सारे समजून घ्यायला पुढचे दोन हंगाम गेले. तेव्हा जे कोणीतरी समोर बसवून सांगायला हवे होते, ते मी येथे क्रमाने लिहीत आहे.

एक विनंती सुरुवातीलाच करतो. हा सराव पहिल्यांदा स्वतःच्या संघावर करू नका. ज्या संघाशी तुमची भावनिक गुंतवणूक नाही, असा एखादा संघ घ्या. मी लॉस एंजेलिस लेकर्सचा २०२४-२५ चा हंगाम घेतला आहे. किंग्जच्या चाहत्याला लेकर्सबद्दल हळवे होण्याचे काहीच कारण नसते, आणि एका हंगामात या विषयातील बहुतेक सर्व धडे मिळावेत असा तो हंगाम होता.

जवळ काय असावे

- संघातील सर्व खेळाडूंचे करार आणि वर्षनिहाय पगार. स्पोट्रॅकसारख्या संकेतस्थळावर ते मिळतात.
- सामन्यांची आणि खेळाडूंची आकडेवारी. बास्केटबॉल-रेफरन्स यासाठी पुरेसे आहे.
- पुढील सात वर्षांच्या ड्राफ्टमधील (लीगमध्ये येणारे नवे खेळाडू संघांनी क्रमाने निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमातील) निवडींची नोंद: कोणती निवड संघाकडे आहे, कोणती दिली आहे आणि कोणत्या अटीवर.
- ट्रेडचे पगार जुळतात का हे तपासणारे एखादे ‘ट्रेड मशीन’.
- एक साधी वही. ती का हवी हे शेवटच्या पायरीत येईल.

१. संघ एका पानावर उतरवा

एनबीए संघाला हंगामात १५ पूर्ण करार ठेवता येतात आणि त्याखेरीज ३ ‘टू-वे’ करार. टू-वे खेळाडू आपला वेळ मुख्य संघ आणि त्याचा जी-लीगमधील (एनबीएच्या दुय्यम लीगमधील) संघ यांच्यात वाटून घेतात आणि त्या करारावर असेपर्यंत ते प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) खेळू शकत नाहीत. म्हणून एखादा टू-वे खेळाडू जानेवारीत चमकला, तर ‘आता या जागेची चिंता मिटली’ असे लगेच म्हणू नका.

प्रत्येक नावापुढे वय, जागा, या वर्षीचा पगार आणि करार संपण्याचे वर्ष लिहा. शेवटच्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात आहे की खेळाडूच्या, हे विसरू नका. नवा चाहता येथेच सर्वांत जास्त फसतो. किंग्जने फेब्रुवारी २०२५ मध्ये झॅक लाव्हीनला घेतले, तेव्हा अनेकांनी फक्त त्याची नेमबाजी पाहिली. पण त्याच्या करारात २०२६-२७ साठी सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरचे आणखी एक वर्ष होते आणि त्या वर्षाचा पर्याय लाव्हीनच्या हातात होता. एवढी रक्कम सोडून खेळाडू सहसा जात नाही, म्हणून असे वर्ष वहीत पक्के धरूनच चालावे.

२. उणीव शोधा, आवड नव्हे

‘आम्हाला आणखी एक स्टार हवा’ हे वाक्य चर्चेतून काढून टाका. स्टार कोणाला नको असतो? उणीव म्हणजे संघ ज्या कामामुळे सामने हरतो ते नेमके काम: चेंडू पुढे नेऊन डाव मांडणे, बाहेरून नेम साधणे, समोरच्या सर्वोत्तम विंगला (मैदानाच्या बाजूने खेळणाऱ्या खेळाडूला) अडवणे, रिंगचे रक्षण करणे, रिबाउंड घेणे (नेम चुकून उसळलेला चेंडू मिळवणे), किंवा मुख्य खेळाडू बाकावर असताना आघाडी टिकवणे. ही कामे पानाच्या एका बाजूला लिहा आणि प्रत्येकासमोर ते काम प्लेऑफमध्ये विश्वासाने करू शकेल अशा खेळाडूचे नाव लिहा. जेथे नाव सुचत नाही, किंवा एकच नाव चार ठिकाणी येते, तेथे उणीव आहे.

हे पान नुसत्या सरासरी आकड्यांवरून भरू नका. मी असे करतो: सलग दहा सामन्यांत प्रत्येक टाइमआउटला मैदानावरचे पाच खेळाडू लिहून काढतो आणि अटीतटीच्या सामन्याची शेवटची पाच मिनिटे दोनदा पाहतो, एकदा चेंडूकडे पाहून आणि एकदा चेंडूपासून दूर उभ्या असलेल्या खेळाडूंकडे पाहून. प्रशिक्षक कोणाला बाकावर बसवतो, यातून तो कोणावर विश्वास ठेवत नाही हे कळते. प्रतिस्पर्धी कोणाला नेमबाजीसाठी मोकळे सोडतात, यातून त्यांना कोणाचे भय नाही हे कळते. प्रत्येक सामन्यातील गुणांची सरासरी यांपैकी काहीच सांगत नाही.

आता लेकर्सकडे वळू. फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या दोन दिवसांत त्यांनी डॅलसकडून लुका डॉन्चिचला आणले आणि त्या बदल्यात अँथनी डेव्हिसला दिले. जगभर चर्चा झाली ती लुकाची. पण आपल्या पानावर पाहिले तर रिंगचे रक्षण आणि रिबाउंड या दोन्ही ओळींसमोरचे नाव त्या रात्री पुसले गेले होते. मागे उरला जॅक्सन हेज, जो उंच आणि चपळ आहे, पण प्लेऑफमध्ये पूर्णवेळ भार वाहू शकेल असा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) तो नव्हता. ही उणीव लेकर्सच्या व्यवस्थापनालाही दिसत होती, आणि म्हणूनच काही दिवसांतच त्यांनी शार्लटशी मार्क विल्यम्स या सेंटरसाठी बोलणी पूर्ण केली. तो ट्रेड पुढे रद्द झाला. त्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

उणीव तशीच राहिली तर काय होते, हे पाहण्यासाठी त्याच वर्षीची मिनेसोटाविरुद्धची पहिली फेरी पाहा. ५० विजय मिळवून पश्चिम विभागात तिसऱ्या क्रमांकावर आलेले लेकर्स सहाव्या क्रमांकाच्या मिनेसोटाकडून १-४ असे हरले. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक जे. जे. रेडिक यांनी उत्तरार्धाची सर्व २४ मिनिटे तेच पाच खेळाडू खेळवले: लेब्रॉन जेम्स, डॉन्चिच, ऑस्टिन रीव्ह्ज, रुई हाचीमुरा आणि डोरियन फिनी-स्मिथ. या पाचांत एकही सेंटर नव्हता. पाचवा सामना आपल्याकडे १ मे रोजी सकाळी दिसला. महाराष्ट्र दिनाची सुटी असल्याने तो मी शेवटपर्यंत पाहू शकलो. मिनेसोटाने तीन गुणांचे ४७ प्रयत्न केले आणि त्यांपैकी फक्त ७ साधले. इतकी वाईट नेमबाजी करणारा संघ एरवी हरायलाच हवा. पण चुकलेला चेंडू रिंगवरून उसळला की रूडी गोबेअरचा हात हाचीमुरा आणि फिनी-स्मिथ यांच्या हातांच्या वर पोहोचत होता, आणि ते दोघे त्याला अडवण्यासाठी पाठ टेकवूनही पुढे ढकलले जात होते. गोबेअरने २७ गुण आणि २४ रिबाउंड घेतले, आणि मिनेसोटाने सामना १०३-९६ असा जिंकला. उणीव म्हणजे काय, हे समजावून सांगायला मी नव्या मित्रांना हाच सामना दाखवतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. उणीव खरी असली, तरी तिच्या नावाखाली कोणतीही किंमत योग्य ठरत नाही. डॅलसने लुकाला दिले ते बचाव मजबूत करण्यासाठी, असे त्यांच्या व्यवस्थापनाने सांगितले होते. बचावाची गरज खोटी नव्हती. पण अवघ्या आठ महिन्यांपूर्वी संघाला अंतिम फेरीत नेणारा २५ वर्षांचा खेळाडू त्यासाठी देणे, आणि त्या बदल्यात ३१ वर्षांचा डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीची एकच निवड घेणे, हे माझ्या मते कोणत्याही उणिवेने समर्थनीय ठरत नव्हते. ज्यांनी हा निर्णय घेतला, ते जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये पदावरून दूर करण्यात आले.

३. ट्रेडशिवाय मार्ग आहे का, ते आधी पाहा

चाहत्यांच्या चर्चेत ट्रेड हा पहिला उपाय असतो. व्यवस्थापनासाठी तो बहुधा महागडा उपाय असतो. उन्हाळ्यात मुक्त खेळाडू (ज्यांचा करार संपला आहे असे) घेता येतात. एखादा संघ खेळाडूशी समझोता करून त्याचा करार संपवतो, तेव्हा तो खेळाडू काहीही न देता मिळू शकतो. लेकर्सना शेवटी सेंटर मिळाला तो याच वाटेने: २०१८ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला डिआंड्रे एटन पोर्टलंडशी समझोता करून मोकळा झाला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात लेकर्सकडे आला.

येथे दोन अटी आहेत. हंगामाच्या मध्यात मोकळा झालेला खेळाडू नव्या संघाकडून प्लेऑफ खेळायचा असेल, तर जुन्या संघाने त्याला १ मार्चपर्यंत सोडलेले असले पाहिजे. आणि जे संघ ‘पहिल्या एप्रन’च्या वर आहेत, त्यांना हंगामात सोडलेल्या महागड्या खेळाडूंना घेता येत नाही. एप्रन म्हणजे काय ते पुढील पायरीत पाहू.

४. पगाराचे गणित मांडा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि बहुतेक जण ती गाळतात. पण दहांपैकी नऊ काल्पनिक ट्रेड येथेच बाद होतात, असा माझा अनुभव आहे.

संघाच्या एकूण पगाराच्या चार रेषा लक्षात ठेवा. लक्झरी टॅक्सच्या रेषेच्या वर संघाला जादा कर भरावा लागतो, आणि त्याहून वरच्या ‘एप्रन’ नावाच्या दोन रेषा ओलांडल्या की खेळाडू आणण्याचे नियम अधिक कडक होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी वेतनमर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलर होती, लक्झरी टॅक्सची रेषा १८ कोटी ७९ लाखांवर होती, पहिला एप्रन १९ कोटी ५९ लाखांवर आणि दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाखांवर. हे आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून जुन्या हंगामाचा आकडा घेऊन वाद घालू नका. वेतनमर्यादा ओलांडली म्हणजे नियम मोडला, असेही नाही. स्वतःच्या जुन्या खेळाडूंना ‘बर्ड हक्कां’खाली पुन्हा करारबद्ध करण्यासाठी संघ ती ओलांडू शकतो, आणि बहुतेक संघ ती ओलांडतातच.

ट्रेडमध्ये मुख्य प्रश्न असतो बाहेर जाणारा आणि आत येणारा पगार यांच्या तुलनेचा. पहिल्या एप्रनच्या खाली असलेल्या संघाला थोडी मोकळीक असते: लहान पगारांच्या बाबतीत जवळपास दुप्पट, आणि फार मोठ्या पगारांच्या बाबतीत ढोबळमानाने सव्वापट पगार आत घेता येतो. पहिल्या एप्रनच्या वरच्या संघाला मात्र बाहेर पाठवलेल्या पगारापेक्षा एक डॉलरही अधिक घेता येत नाही. दुसऱ्या एप्रनच्या वर गेल्यावर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड ट्रेडसाठी गोठवली जाते. त्यामुळे अशा संघाच्या चाहत्याने ‘आमचे तीन साधारण खेळाडू देऊन तुमचा एक चांगला घेऊ’ असे म्हटले, तर ती चर्चा तेथेच संपते.

लुकाच्या ट्रेडकडे या नजरेने पाहा. २०२४-२५ मध्ये लुकाचा पगार ४ कोटी ३० लाख डॉलर होता आणि डेव्हिसचा ४ कोटी ३२ लाख. मुख्य दोन नावे जवळजवळ तंतोतंत जुळत होती, म्हणूनच हा ट्रेड इतक्या गुपचूप आणि इतक्या कमी भागांत होऊ शकला. त्यात युटा जॅझ हा तिसरा संघ का आला, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी मला विचारला. उरलेला पगार जुळवण्यासाठी जेलन हूड-शिफिनो या खेळाडूला ठेवायला जागा हवी होती. ती जागा युटाने दिली आणि त्या मोबदल्यात दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी घेतल्या. तीन संघांच्या ट्रेडमध्ये एखादे अनोळखी नाव दिसले, की बहुधा त्यामागे पगाराचे असेच काहीतरी कारण असते.

शेवटी डोकी मोजा. एक देऊन तीन घेतले, तर संघ १५ च्या वर जातो आणि कोणाला तरी सोडावे लागते. सोडलेल्या खेळाडूचा हमी असलेला पगार संघाच्या खात्यावर राहतोच.

५. ड्राफ्टमधील निवडींची खरी किंमत समजून घ्या

‘पहिल्या फेरीच्या दोन निवडी टाकू’ असे म्हणणे सोपे आहे. त्या निवडी संघाकडे आहेत का, आणि देता येतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला नियम असा की सात वर्षांपलीकडची निवड देता येत नाही. दुसरा नियम ‘स्टेपियन नियम’ म्हणून ओळखला जातो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी पहिल्या फेरीच्या निवडी सपाट्याने देऊन टाकल्या, त्यानंतर तो आला. भविष्यातील लागोपाठ दोन वर्षे संघ पहिल्या फेरीच्या निवडीविना राहील, अशा तऱ्हेने निवडी देता येत नाहीत.

मार्क विल्यम्सच्या ट्रेडमध्ये लेकर्सने डाल्टन नेक्ट, कॅम रेडिश, २०३१ ची पहिल्या फेरीची निवड आणि २०३० च्या निवडीच्या अदलाबदलीचा हक्क, एवढे देऊ केले होते. २०२८ किंवा २०३० ची निवड सरळ का दिली नाही? वहीत वर्षे ओळीने लिहा म्हणजे उत्तर दिसेल. २०२७ ची निवड, पहिल्या चार क्रमांकांचे संरक्षण ठेवून (म्हणजे ती पहिल्या चारांत आली तर लेकर्सकडेच राहील), आधीच युटाला दिलेली होती. २०२९ ची नुकतीच डॅलसला गेली होती. म्हणून मधली २०२८ आणि शेजारची २०३० या दोन्ही नियमाने अडकल्या होत्या. २०३१ ही त्या वेळच्या सात वर्षांच्या मर्यादेतील शेवटची निवड होती आणि तेवढीच मोकळी होती. २०३० मध्ये अदलाबदल चालते, कारण अदलाबदलीनंतरही संघाकडे एक निवड उरते; फक्त दोन्हींपैकी चांगली शार्लटने घेतली असती. म्हणजे लेकर्सकडे पहिल्या फेरीची सरळ देता येईल अशी जी एकच निवड होती, ती एका सेंटरसाठी पणाला लागली होती. आणि तो सेंटर २०२३-२४ मध्ये दुखापतींमुळे केवळ १९ सामने खेळला होता.

पुढे काय झाले ते प्रत्येक नव्या चाहत्याने लक्षात ठेवावे. ट्रेडची मुदत ६ फेब्रुवारीला संपली, आणि दोन दिवसांनी लेकर्सने वैद्यकीय तपासणीनंतर हा ट्रेड रद्द केला. तोवर बाजार बंद झालेला असल्याने दुसरा सेंटर ट्रेडने आणण्याचा मार्ग उरला नव्हता. मे महिन्यातील गोबेअरचे २४ रिबाउंड आणि ८ फेब्रुवारीचा तो निर्णय यांचा थेट संबंध आहे. तरीही तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. ती एकमेव मोकळी निवड देऊन शंकास्पद प्रकृतीचा खेळाडू घेणे हा त्याहून मोठा धोका होता. बातमीत ट्रेड ‘झाला’ असे आले, तरी वैद्यकीय तपासणी होईपर्यंत तो पूर्ण झालेला नसतो, एवढे मात्र पक्के समजा.

संरक्षित निवडींचा अर्थही नीट वाचा. किंग्जने जुलै २०२२ मध्ये केव्हिन ह्युर्टरसाठी अटलांटाला पहिल्या फेरीची एक संरक्षित निवड दिली. २०२५ मध्ये तिची अट अशी होती की ती पहिल्या १२ क्रमांकांत आली तर किंग्जकडे राहील. ती १३ व्या क्रमांकावर आली आणि गेली. त्याआधीच, फेब्रुवारीत, ह्युर्टर शिकागोला गेलेला होता. ज्याच्यासाठी हे देणे पत्करले, तो खेळाडू निघून गेल्यानंतर त्याची परतफेड झाली. अशी देणी वहीच्या वेगळ्या पानावर लिहा, कारण चर्चेत ती हमखास विसरली जातात.

निवडी म्हणजे हवेतील वचने, असे मानणाऱ्यांसाठी एकच उदाहरण पुरे. जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्जसाठी क्लिपर्सने ओक्लाहोमा सिटीला शाई गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि दोन अदलाबदलीचे हक्क दिले. त्यांतील एका निवडीतून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी विजेता ठरला, तेव्हा शाई हंगामाचाही आणि अंतिम फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू होता, आणि विल्यम्स त्याच्या खालोखालचा आधार.

६. समोरच्या संघाच्या जागी बसून तोच ट्रेड पुन्हा वाचा

माझ्या दृष्टीने सबंध प्रक्रियेतील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. आपल्याला नको असलेले तीन खेळाडू आणि दुसऱ्या फेरीची एक निवड देऊन त्यांचा हवा असलेला खेळाडू घ्यायचा, असे प्रस्ताव प्रत्येक चाहता कधी ना कधी करतो. प्रस्ताव मांडण्यापूर्वी समोरच्या संघाचे पानही तुम्ही पहिल्या दोन पायऱ्यांप्रमाणे भरा. तो संघ आज जिंकू पाहतो आहे की नव्याने उभा राहतो आहे? ज्या खेळाडूची तुम्ही मागणी करता, त्याच्या जागी खेळायला त्यांच्याकडे दुसरा कोण आहे? त्याचा करार संपत आला आहे का, म्हणजे ते त्याला फुकट गमावण्याच्या भीतीत आहेत का?

हॅलिबर्टनचा ट्रेड मला उशिरा समजला तो याच पायरीमुळे. किंग्जकडे डीएरॉन फॉक्स आणि हॅलिबर्टन हे चेंडू हाताळणारे दोन गार्ड होते आणि आत डाव मांडणारा मोठा खेळाडू नव्हता. पेसर्सकडे सबोनिस आणि माइल्स टर्नर हे दोन मोठे खेळाडू होते आणि भविष्य ज्याच्या हाती द्यावे असा गार्ड नव्हता. दोन्ही पाने शेजारी ठेवली की एकाची अडचण हेच दुसऱ्याचे उत्तर होते, हे स्पष्ट दिसते. त्या फेब्रुवारीत मी फक्त आमचे पान पाहत होतो, तेही अर्धे.

खेळाडूची संमती हाही एक मुद्दा आहे. ट्रेड नाकारण्याचा हक्क फार थोड्या करारांत असतो. त्यासाठी लीगमध्ये आठ आणि त्याच संघाकडे चार वर्षे झालेली असावी लागतात. ब्रॅडली बीलकडे तो होता, आणि जून २०२३ मध्ये वॉशिंग्टनने त्याला फिनिक्सला दिले तेव्हा कोठे जायचे हे बऱ्याच अंशी बीलने ठरवले. जेथे असा हक्क आहे, तेथे मिळणारा मोबदला कमीच धरा.

७. दिनदर्शिका समोर ठेवा

उन्हाळ्यात करार केलेल्या बहुतेक खेळाडूंना १५ डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाही, आणि काहींच्या बाबतीत ही तारीख १५ जानेवारी असते. म्हणून नोव्हेंबरमध्ये मांडलेले बरेच प्रस्ताव मुळातच अशक्य असतात. ट्रेडची मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, तेथील पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी ३ वाजता संपते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्या रात्री जागणार असाल, तर शेवटच्या तासात येणाऱ्या प्रत्येक अफवेवर मत देऊ नका. दीडनंतरही काही तास पूर्ण तपशील येत राहतात, आणि निवडींचे संरक्षण कसे आहे हे सर्वांत शेवटी कळते.

८. प्रस्ताव मांडताना

उणीव कोणती, ती कोणत्या सामन्यांत दिसली, कोण येईल, कोण जाईल, पगार कसे जुळतात, कोणत्या निवडी कोणत्या अटीवर जातील, आणि समोरचा संघ हो का म्हणेल, हे याच क्रमाने लिहा. दुसऱ्याच्या प्रस्तावाला उत्तर देतानाही हाच क्रम पाळा; ‘हे हास्यास्पद आहे’ असे लिहिण्याऐवजी नेमकी कोणती पायरी चुकली ते दाखवा. नवा माणूस चुकला तर त्याला नियम सांगा. मला ज्यांनी स्टेपियन नियम शांतपणे, वर्षे ओळीने लिहून समजावला, त्यांच्यामुळेच मी या चर्चेत टिकलो.

खेळाडूच्या कुटुंबाबद्दल, स्वभावाबद्दल किंवा कानावर आलेल्या भांडणांबद्दल तर्क लढवू नका. ते आपल्याला दिसत नाही, आणि त्यावर ट्रेडचा निर्णय बांधता येत नाही.

९. वहीत तारीख घालून कारण लिहा आणि ती नंतर उघडा

ट्रेड झाल्याच्या दिवशी तुमचे मत आणि त्यामागचे कारण लिहून ठेवा. मग ते पान सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी आणि तीन वर्षांनी वाचा.

माझ्या वहीतील ८ फेब्रुवारी २०२२ च्या पानावर ‘मोठी चूक’ एवढेच लिहिलेले आहे, कारण दिलेले नाही. त्याखाली एप्रिल २०२३ ची नोंद आहे: ४८ विजय, सोळा हंगामांनंतर प्लेऑफ, सबोनिसशिवाय हे घडले नसते. त्याखाली फेब्रुवारी २०२५: फॉक्स सॅन अँटोनिओला गेला, म्हणजे ज्याच्यासाठी हॅलिबर्टनला दिले असे आपण म्हणत होतो, तो गार्डही आता नाही. आणि शेवटची नोंद जून २०२५ ची: हॅलिबर्टन पेसर्सला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि त्याच सामन्यात टाचेमागचा स्नायुबंध (अकिलिस टेंडन) तुटून जखमी झाला. चार नोंदी, चार वेगळी मते, आणि त्यांतील पहिल्या नोंदीखाली कारणासाठी सोडलेली जागा अजून रिकामी आहे.